मोठीचे मालक

फॉर्म एका पानाचा होता. आकाराम चौगुल्यांनी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं काढली होती आणि एका पानाचा फॉर्म म्हणजे त्यांच्या लेखी चहा निवायच्या आत उरकणारं काम. वर वाहनाचं नाव, खाली रंग, मग 'आजवरचे मालक, क्रमाने' अशी एक चौकट, शेवटी सही. त्यांनी चष्मा पुसला, शाईचं पेन काढलं आणि 'सध्याचे मालक' या ओळीपुढे आपलं संपूर्ण नाव असं लिहिलं की बघणाऱ्याला ते छापूनच आलंय असं वाटावं. मग चौकटीकडे वळले. पहिला चहा निवला, दुसराही निवला, चौकट रिकामीच राहिली.

वाहन म्हणजे मोठी. तिचं खरं नाव आर्मिटेज, साल एकोणीसशे सदतीस, विलायतेहून बोटीने आलेली. अशा तीन गाड्या या देशात उतरल्या असं म्हणतात. त्यातली एक जळाली, एक कुठल्याशा गोदामात गंजून गेली आणि तिसरी कसबा बावड्यातल्या एका चार मजली सोसायटीच्या पार्किंगात, पाण्याच्या मोटारीशेजारी उभी होती. पुढचे दिवे जेवणाच्या ताटाएवढे, दारांच्या मुठी पितळी, आत मागच्या सीटवर बसलं की पाय पसरून पुन्हा वर एक पोतं ठेवता येईल इतकी जागा. घरात तिला कोणी गाडी म्हणत नसे. 'मोठीवर कापड टाकलं का', 'मोठीखाली मांजर व्यालंय' अशीच भाषा होती.

ही मोठी आकारामरावांना कशी मिळाली हे कोल्हापुरात ज्याला माहीत नव्हतं तो त्यांना अजून भेटलेला नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी नेसरीला, लग्नाच्या मांडवात, सासरे हंबीरराव यांनी चारशे माणसांदेखत मोठीची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. तेव्हा आकारामरावांकडे एक सायकल होती, तीही धाकट्या भावाबरोबर वाटून घेतलेली. पुढे कारखान्यात साहेब लोक अॅम्बॅसिडरमधून उतरत आणि टाइमकीपर आर्मिटेजमधून. महिन्यातून एकदाच उतरत, कारण मोठीला पेट्रोल पाजणं कुणाच्याच पगारात बसणारं नव्हतं. पण त्या एका दिवसावर बाकीचे एकोणतीस निघत. निवृत्तीच्या सत्कारात त्यांच्या कामाबद्दल दोन वाक्यं बोलली गेली आणि गाडीबद्दल अकरा. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढ्या स्थळांतून सासऱ्यांनी आपल्याला निवडलं आणि वर गाडी दिली, यावर त्यांनी आयुष्यातलं बाकी सगळं टेकवून ठेवलं होतं.

तर असा माणूस फॉर्म भरायला का बसला, तर कृष्णातमुळे. कृष्णात सोसायटीचा सेक्रेटरी. वय पस्तीस, आवाज पन्नास माणसांचा. सोसायटीत गाड्या वाढल्या होत्या आणि त्याने ठराव केला होता की ज्या गाडीची नोंदणी चालू नाही ती पार्किंगात राहणार नाही. महिन्याची मुदत, नंतर भंगारवाला.

"काका, माझं तुमच्याशी वाकडं न्हाय," कृष्णात जिन्यात उभा राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पर तुमची एक गाडी तीन गाड्यांची जागा खाती. कागद असला तर ऱ्हाऊ दे की. आता जुन्या गाड्यांची येगळी नोंदणी निघालीया. करून टाका."

मोठी भंगारात जाणार या कल्पनेने आकारामरावांना जेवण गेलं नाही. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने, तेजस्वीने, फोनवरून धीर दिला आणि फॉर्म पाठवला. तोच हा फॉर्म.

चौकटीत शेवटी त्यांनी 'सासरे कै. हंबीरराव यांजकडून भेट' एवढं लिहिलं आणि आरटीओत नेऊन दिलं. तिथल्या मॅडम तरुण होत्या आणि, आकारामरावांना नंतर हेच जास्त बोचलं, अतिशय सभ्य होत्या.

"सर, सुंदर गाडी आहे," त्या फोटो बघून म्हणाल्या. "पण हंबीररावांना कोणी दिली? त्यांच्या आधी कोण? पहिल्या मालकापासून तुमच्यापर्यंत काहीतरी लेखी लागेल. पावती, पत्र, काहीही चालेल. कुणाच्या तरी हातचं जुनं लिहिलेलं."

"अहो, चारशे माणसांसमोर दिलेली आहे."

"त्यातली हयात किती आहेत?"

आकारामरावांनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली आणि पहिल्या दहांतच थांबले.

आता सल्ल्यांना तोटा नव्हता. कोल्हापुरात माणसाला अडचण आली की ती आधी शेजाऱ्यांची होते आणि मग उरलीसुरली त्याची. तळमजल्यावरचे भाऊसो, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक आणि मोठीचे एकमेव डॉक्टर, यांचं म्हणणं पडलं की इंजिनचा नंबर घासून बघावा. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले तलाठ्याला भेटा. गाडीचा तलाठ्याशी संबंध काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "जमिनीचा फेरफार कुणाकडं असतुय? तलाठ्याकडं. मग?" आणि याच वाटेने विचार करत कृष्णातने तो सल्ला दिला, जो आकारामरावांनी ऐकायला नको होता.

"आमी प्लॉट घेतला तवा काय केलं? पेपरात जाहीर नोटीस दिली. ज्याचा कुणाचा हक्क आसंल त्यानं आठ दिसांत कळवावं, न्हायतर हक्क सोडला आसं समजू. कोण येतंय? कोण येत न्हाय. आठ दिसांनी तुमी मोकळं."

जमिनीच्या माणसांना सगळी मालमत्ता जमिनीसारखी दिसते, त्याला कोण काय करणार. आकारामरावांनी स्वतः मजकूर लिहिला. गाडीचं वर्णन करताना त्यांचं पेन जरा जास्तच रंगलं आणि नोटीस एखाद्या लग्नपत्रिकेसारखी दिसू लागली, तरी पेपरवाल्याने ती छापली. सोमवारी नोटीस आली. सोमवारीच साडेनऊला पहिला हक्कदार आला.

झालं असं होतं की आकारामराव दिलदार होते. मोठी मिळाल्यापासून त्यांनी ती ओळखीच्या, अनोळखी, कुणाच्याही वरातीला दिली होती. वीसेक वर्षं करवीर तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घेतले होते. ते सगळे फोटो आता अल्बमसकट आले. एकाचं म्हणणं, त्याच्या वडिलांनी वरातीत भोंगा बिघडल्यावर नवा भोंगा बसवून दिला होता, तेव्हा निदान भोंग्यापुरता त्याचा हक्क लावा. एका तरुण मंडळाचे अध्यक्ष आठ कार्यकर्ते घेऊन आले, कारण चौऱ्याण्णव साली त्यांचा गणपती मोठीतून आला होता आणि देव ज्या गाडीत बसला तिच्यावर मंडळाची वहिवाट होते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मोना नावाच्या एका बाईंना हक्क वगैरे काही नको होता. या गाडीतून आपली वरात निघाली आणि पुढे संसार नीट झाला नाही, याबद्दल त्यांना मालकाशी शांतपणे बोलायचं होतं. त्या दीड तास शांतपणे बोलल्या.

आकारामरावांच्या पत्नी संयोगिताबाई चहा करत होत्या. त्या मूळच्याच कमी बोलणाऱ्या. अडतीस वर्षांत मोठीबद्दल त्यांनी फारसं काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कधी रविवारी मोठी चालू होईना आणि नवरा घामाघूम झाला, तर वरून खिडकीतून एवढंच सांगत, "जरा दम धरा, पेट्रोल जास्त झालंय तिला." थोडा दम धरला की मोठी चालू होई. बायकांचं नाक तिखट असतं, अशी आकारामरावांनी त्याची समजूत करून घेतली होती.

शुक्रवारी शेवंताबाई आल्या. सत्तरीच्या, नेसरीच्या, हातात पेपराचं कात्रण, सोबत चाळिशीचा मुलगा संघर्ष, जो गडहिंग्लजला बँकेत होता. आकारामरावांनी थकलेल्या सुरात विचारलं, "तुमचा काय हक्क?"

"हक्क कसला वो," शेवंताबाई म्हणाल्या. "ह्यो माझा संघर्ष. ह्यो त्या गाडीतच जलमला. म्हटलं मोडीत घालाय लागल्यात का काय, एकडाव सीट तरी बघून येऊ."

खाली पार्किंगात गर्दी झाली. संघर्षरावांनी मागचं दार उघडलं आणि बूट काढून आत बसले. त्यांच्या आईने सीटवरून दोनदा हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावं तसं. हे बघून आकारामरावांचा पाच दिवसांचा शीण उतरला आणि ते रंगात आले.

"आमच्या सासऱ्यांचं मन मोठं होतं. रातीअपराती कुणासाठीही गाडी काढायचे."

"त्यास्नी कुठं चालवाय येत हुती?" शेवंताबाई म्हणाल्या. "हंबीरराव बैलगाडीतनं फिरायचं. ह्या गाडीला भ्यायचं ते. मला न्हेली ती लेकीनं त्यांच्या. ही काय, हीच की."

आणि त्यांनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या संयोगिताबाईंकडे बोट दाखवलं.

"एकोणीस वर्साची पोर. कळा सुरू झाल्या, यष्टी गेलती. ही आली गाडी घिऊन. चालवली बी झ्याक. पर फाट्याला डावीकडं वळायचं, तर हिला डावं वळणच येत न्हवतं. उजवीकडंच गेली. परत फिरंपतोर ह्यो वाटंतच झाला."

पार्किंगात सगळे हसले. भाऊसो तर पाण्याच्या मोटारीच्या पाइपला धरून हसले. आकारामराव हसले नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कपबशा मोजत होती.

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला गाडी चालवता येते?"

"येत हुती."

"अडतीस वर्षांत तू मला सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलासा न्हाय कधी." मग ट्रे पुसत म्हणाल्या, "नेसरीला जाऊन या. आईला इचारा म्होरलं. तिच्याकडं कागद बी असतील."

तू चल म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं तुमीच जावा." हे असं त्या फार क्वचित म्हणत.

दुसऱ्या दिवशी आकारामराव आणि भाऊसो एसटीने नेसरीला गेले. सासूबाई विठाबाई ब्याऐंशी वर्षांच्या, कानाने पक्क्या, जिभेने त्याहून पक्क्या. जावई आला म्हणून त्यांनी आधी जेवायला घातलं, दोनदा घातलं, आणि मग भिंतीतल्या कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात लग्नाच्या याद्या होत्या.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आमच्याकडे लग्न ठरलं की यादी होते. दोन्हीकडची माणसं बसतात, एका कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि कुणी कुणाला काय द्यायचं ते लिहून काढतात. खाली पंचांच्या सह्या. लग्न एक वेळ लोक विसरतील, यादी विसरत नाहीत. ती दोन्ही घरांत जपून ठेवतात, कारण पुढे भांडण निघालंच तर उपयोगी पडते. फक्त आकारामरावांनी आपल्या लग्नाची यादी कधी पाहिली नव्हती. ती वडीलमंडळींनी केली, आणि किल्ली हातात पडल्यावर कागद कोण बघतो.

"गाडी माझ्या आज्यानं घेतली," विठाबाई सांगू लागल्या. "शाहूवाडीकडं जहागीर हुती त्याची. हौशी माणूस. मुंबैला गेला आन् बायकूला न इचारता घिऊन आला. तकडं सगळी भाताची खाचरं. चार म्हयनं गाडी चिखलात बसली, बारा बैलं लावून काढली. मग लेकीचं लगीन निघालं, माझ्या आईचं, चिमणाबाईचं. हकडं सपाटीला दिलती तिला. म्हातारा म्हणला, लेकीबरुबर गाडी बी सासरी जाऊ दे, हितं दोघींचं बी हाल."

पहिली यादी एकेचाळीस सालची, मोडी लिपीत, पण गाडीचं चित्रच काढलेलं होतं, चार चाकं आणि भोंगा, म्हणजे वाचायचा प्रश्न नव्हता. दुसरी एकसष्ट सालची, विठाबाईंच्या लग्नाची. 'मुलीस आंदण: गाय एक, तांब्याचा हंडा, मोठी गाडी.' आंदण म्हणजे लेकीला सासरी जाताना जे तिचं म्हणून देतात ते. त्यावर दुसऱ्या कुणाचा हात नसतो.

"मग हंबीरमामा चालवत नव्हते?" भाऊसोंनी विचारलं.

"त्यास्नी बैलं बरी वाटायची. गाडी मी चालवायची, खळ्यावर. भाताच्या पेंढ्या पसरायच्या, मधी खुंट, आन् भोवतीनं गाडी फिरवायची. बैलं दीस घ्यायची, हिला दोन तास. संयोगिता माझ्या मांडीवर बसून शिकली. गोल फिरायचं, सदा उजवीकडं. म्हणून तिला सरळ बी धड येत न्हाय आन् डावं तर न्हायच."

अख्ख्या देशात उरलेली एकमेव आर्मिटेज, आणि तिने नेसरीत पंचवीस सुग्या भात मळलं होतं. भाऊसोंनी हळूच हात जोडले. इंजिन उघडलं की दर वेळी आत सापडणाऱ्या भाताच्या तुसांचा उलगडा त्यांना आत्ता झाला होता.

तिसरी यादी आकारामरावांनी स्वतः उघडली. सत्त्याऐंशी साल, खाली त्यांच्या वडिलांची सही, ओळखीची, जरा तिरपी. दोन रकाने होते. 'मुलीस आंदण: लोखंडी कपाट, गादी, पितळी भांडी, मोठी गाडी, चालू स्थितीत.' आणि दुसरा. 'मुलास: मनगटी घड्याळ, सफारीचे कापड, चपलांचा जोड.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. घड्याळ अजून त्यांच्या मनगटावर होतं.

"पण मामांनी किल्ली माझ्या हातात दिली," ते म्हणाले. आवाज नको तितका बारीक निघाला.

"मग कुणाच्या हातात द्यायची वो, जावयबापू?" विठाबाई म्हणाल्या. "तिच्या दोनी हातांत ओटी हुती. नारळ, तांदूळ, खण. श्याजारी तुमी हुबा."

परतीच्या एसटीत आकारामराव खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांना एकेक आठवत होतं. गाडी तीच राहिली आणि घरं लहान होत गेली. जहागीरदाराच्या तबेल्यातून चिमणाबाईंच्या गोठ्यात, गोठ्यातून विठाबाईंच्या खळ्यावर, खळ्यावरून आपल्या पार्किंगात. प्रत्येक वेळी ती एका पोरीबरोबर आली, परक्या घरी, माहेरचं एकच ओळखीचं काहीतरी म्हणून. आणि आपण अडतीस वर्षं तिच्यातून उतरताना आरशात भांग बघत होतो. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगा, थोडा रागही आला, सासऱ्यांचा, वडिलांचा, त्या नारळाचासुद्धा.

भाऊसो मित्र होते. त्यांनी मित्राचा सल्ला दिला. "तिसरी यादी दावूच नगासा. दोन दावा. फुडं तुमी जावई हैसा, मॅडम समजून घेतील. न्हायतर वहिनींची एक सही घ्या, बक्षीस दिली म्हणून. एका सहीचं काम. कुणाला कळतंय?"

कुणाला कळणार नव्हतं, हे खरंच होतं. आकारामरावांनी दोन दिवस ती तिसरी यादी खिशात ठेवून काढले. कोरं बक्षीसपत्रही आणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी संयोगिताबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, तिथे ते जाऊन बसले आणि दोन्ही कागद समोर ठेवले.

बाईंनी यादीकडे बघितलंही नाही. बक्षीसपत्र वाचलं. "पेन द्या," म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"मला न्हाय तर कुणाला?"

"मग मी एवढी वर्षं सगळ्यांना सांगत सुटलो होतो, तेव्हा एकदा तरी बोलायचं."

संयोगिताबाईंनी एक शेंग फोडली. "लगीन झाल्यावर तिसऱ्या दिशी तुमचं मैतर आलतं घरी. तुमी त्यास्नी सांगत हुता, मामांनी मला गाडी दिली. मी आत च्या करत हुते. तुमच्या थोरल्या भावाला नोकरी हुती, जमीन हुती. तुमच्याजवळ अर्धी सायकल. कुणी कधी तुमास्नी पयलं बसा म्हटलं नव्हतं. त्या दिशी तुमचा आवाज कसा झालता, तुमास्नी न्हाय कळायचं. म्हटलं ऱ्हाऊ दे. गाडी हितंच हाय, मी बी हितंच हाय. माझं काय कमी हुणार हुतं?"

"आणि चालवायचं?"

"तुमी इतकं खुशीत बसायचासा त्या चाकाम्होरं." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "सुरवातीला वाटायचं. मग न्हाय वाटलं."

हे शेवटचं वाक्य आकारामरावांना लागलं. आजवर त्यांचा अपमान अनेकांनी केला होता, कृष्णातने तर जिन्यात केला होता, पण असं लागलं नव्हतं, कारण हिने अपमान केलाच नव्हता. ते उठले, बक्षीसपत्राच्या चार घड्या केल्या आणि शेंगांच्या फोलपटांत टाकलं. मग नवा फॉर्म काढला. 'सध्याचे मालक' या ओळीपुढे बायकोचं नाव लिहिलं, तितक्याच मन लावून, आणि चौकटीत क्रमाने लिहिलं: चिमणाबाईंचे वडील, चिमणाबाई, विठाबाई. पाच मिनिटांत फॉर्म भरून झाला. चहा गरमच होता.

सोमवारी मोठीला घेऊन सगळे आरटीओत गेले. भाऊसो पाने-पक्कड घेऊन, कृष्णात आवाज घेऊन. मोठी आणली आकारामरावांनीच, कारण संयोगिताबाई म्हणाल्या, "वाटंत डावी वळणं लई हैत." मॅडमनी तिन्ही याद्या टेबलावर पसरल्या. हळदकुंकवाचे कोपरे, पंचांचे अंगठे, गाडीचं ते चित्र. अख्खी खोली बघायला जमली. मॅडम म्हणाल्या की नोकरीत इतकी स्वच्छ मालकी त्यांनी पाहिली नाही, पुढे समितीची तपासणी होईल पण कागदाची चिंता सोडा. कृष्णातने तिथल्या तिथे जाहीर केलं की सोसायटीत मोठीची जागा कायम. बाहेरच्या रांगेतही ते सगळ्यांना कळलं.

"मॅडम," अधिकारी संयोगिताबाईंना म्हणाल्या, "एकच राहिलंय. वारस म्हणून कुणाचं नाव घालायचं? तुमच्यानंतर गाडी कुणाच्या नावावर करायची ते लिहा. इथे, नाव आणि नातं."

संयोगिताबाईंनी पेन घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत जरा हसू होतं. या सगळ्या कागदांत मालक म्हणून आकाराम चौगुले हे नाव कुठेच आलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं.

"तुमचं घालू का?" त्या म्हणाल्या. "म्हंजे तुमच्या बी नावावर हुईल एकडाव."

अडतीस वर्षं जे आपलं म्हणून सांगितलं ते आता सरकारी शिक्क्यानिशी समोर आलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. आकारामरावांनी त्या ओळीकडे पाहिलं, 'मालकाच्या निधनानंतर', आणि ते होणं म्हणजे काय व्हावं लागेल ते त्यांना एकदम दिसलं. पार्किंग, मोठी, हातात किल्ली, आणि वर खिडकीत कोणी नाही. आयुष्यभर प्रमाण भाषा जपलेला टाइमकीपर होता, पण त्या क्षणी ती त्यांना सुचली नाही.

"नगं," ते म्हणाले. "तेजस्वीचं घाल. तू न्हाईस तर मी त्या गाडीचं काय करू? मला काय करायची हाय ती?"

आवाज मोठा निघाला. टंकलेखन थांबलं. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. भाऊसो खिडकीबाहेर बघू लागले आणि कृष्णात भिंतीवरचे नियम वाचू लागला.

संयोगिताबाईंनी खाली मान घालून 'तेजस्वी' लिहिलं. नात्याच्या ओळीत 'मुलगी' लिहिलं, पण पेन उचलायचं राहिलं, तिथे शाई पसरली.

"एवढ्या मोठ्यानं कशाला बोलायचं," त्या वर न बघता म्हणाल्या. "समदं हापीस ऐकतंय."

"ऐकू दे की," आकारामराव म्हणाले.